दहाला एक फुटाणा

'बहुतेक' हा शब्द त्यांच्यासमोर उच्चारायची सोय नव्हती.

कचेरीत रुजू झालो त्या पहिल्याच दिवशी मी कुणाला तरी म्हणालो, "साहेब बहुतेक उद्या येतील," तर कोपऱ्यात मोजणीची साखळी पुसत बसलेल्या एका उंच, वाळक्या माणसानं दोन्ही कानांवर हात ठेवले. मला वाटलं, कान ठणकतायत बिचाऱ्याचे. शिपाई हळूच म्हणाला, "बहुतेक म्हणू नका. मोजणीदारांना चालत नाही."

"मग काय म्हणू?"

कोपऱ्यातूनच उत्तर आलं, "माहीत नसलं की माहीत नाही म्हणावं, कारकून. त्यानं माणूस मरत नाही."

बहुतेक, सुमारे आणि असेल. हे तीन शब्द त्यांच्या लेखी शिव्या होत्या. खरी शिवी दिलीत तर हसायचे.

आमची कचेरी जमीन संपादनाची. त्या काळात, म्हणजे पन्नास सालानंतर, मुंबई-पुणे रस्त्याच्या कडेनं कारखाने यायला लागले होते. पिंपरीपासून चिंचवडपर्यंतच्या माळावर रोज कुणीतरी खुंट्या ठोकताना दिसायचं. कारखान्याला जमीन हवी, कामगारांच्या चाळींना जमीन हवी, आणि ती मोजून कागदावर उतरवायचं काम आमचं. चिंचवडात तेलाच्या घाण्यावरच्या माडीत कचेरी होती, त्यामुळं आमच्या सगळ्या फायलींना करडईचा वास. मी नगर जिल्ह्यातून आलेलो, वय तेवीस, अक्षर मोत्यासारखं आणि डोकं गरम. ते पन्नाशी ओलांडलेले, भोरकडचे. त्यांचं नाव मी मुद्दाम सांगत नाही, छापून आलेलं त्यांना आवडलं नसतं. आम्ही त्यांना अण्णा म्हणायचो. ते मात्र प्रत्येकाला त्याच्या कामाच्या नावानं हाक मारायचे. मी कारकून, तो शिपाई, खालचा तो तेली. घरी वहिनींना काय म्हणत कोण जाणे, मी कधी विचारायचं धाडस केलं नाही.

रेल्वेलाईनच्या वरच्या अंगाला म्हसोबाचं तळं होतं. एका बाजूला दगडी पाळ, पाळीकडं खोल पाणी, आणि वरच्या बाजूला ते पसरट होत होत चिखलात आणि चिखलातून गवतात मिसळून जायचं. अण्णा रोज उजाडता उजाडता तिथं जायचे आणि पक्षी मोजायचे. छंद म्हणून म्हणाल तर तसं नाही. छंदाला माणूस एखाद दिवस सुट्टी घेतो.

मोजायची त्यांची तऱ्हा ऐकण्यासारखी होती. सदऱ्याच्या उजव्या खिशात मूठभर फुटाणे. दहा पक्षी मोजून झाले की एक फुटाणा उजव्या खिशातून डाव्यात. सगळं तळं मोजून झालं की डाव्या खिशातले फुटाणे मोजायचे, वहीत आकडा लिहायचा आणि मग पाळीवर बसून ते फुटाणे खायचे. पुरावा नष्ट, म्हणायचे. थंडीत बदकं आली की त्यांचा डावा खिसा फुगायचा. वहिनी मला एकदा म्हणाल्या, "भाऊजी, मला तळ्यावर जावं लागत नाही. ह्यांनी सकाळी एकच भाकरी खाल्ली की समजते, आज गर्दी होती. चैत्रात बघा, तीन खातात."

आणि दुर्बीण! ती तर खास होती. जमिनीचे चढउतार मोजायला कचेरीत तिपाईवरची जुनी दुर्बीण होती. साहेबांच्या परवानगीनं अण्णा ती सकाळी तळ्यावर न्यायचे. आता गंमत अशी, की त्या जुन्या दुर्बिणीतून सगळं उलटं दिसायचं. पाणी वर, आभाळ खाली, आणि पक्षी पाय वर करून टांगलेले. मोजणीच्या कामात त्याची सवय होते म्हणतात. अण्णांना इतकी झाली होती, की पक्षी त्यांना उलटेच ओळखू यायचे. नुसत्या डोळ्यांनी समोर पाच हातांवर धोबी पक्षी शेपूट हलवत चाललेला असला, तरी ते मान वाकडी करून, जवळजवळ गुडघ्यातून डोकं घालून त्याच्याकडं बघायचे आणि म्हणायचे, "हां, हा आपला धोबी." वहीतली त्यांची चित्रंही तशीच, जशी दिसली तशी. चित्र सरळ बघायचं तर वही फिरवून धरावी लागे. मी एकदा म्हटलं, "अण्णा, काढतानाच सुलटं काढा की." तर म्हणाले, "मी सुलटं पाहिलेलं नाही."

तळ्याची वही ते हजेरीपटासारखी ठेवायचे. आषाढात पाणी चढलं की टिबुकल्या घरटी करायच्या, तेव्हा लिहायचे, "टिबुकली, कुटुंबासह हजर." भाद्रपदात चिखलावर छोट्या तुतारी पक्ष्यांची धावपळ सुरू व्हायची. दिवाळीच्या सुमाराला (सुमाराला! ऐकलं असतं तर कानांवर हात गेले असते) थापट्या बदकं उतरायची, मग तलवार बदकं. पण अण्णांचा जीव होता चक्रवाकांवर. नारिंगी अंगाची, फिकट डोक्याची ती दोन मोठी बदकं मार्गशीर्षात यायची आणि वरच्या पसरट चिखलावर उभी राहायची. ती येईपर्यंत हा माणूस कचेरीत चिडचिडा. रोज विचारलं की, "चक्रवाक अजून रुजू नाहीत." आले की त्या दिवशी कचेरीत सगळ्यांना फुटाणे.

उन्हाळ्यात तळं आटत जायचं, पण पाळीकडं आणि मधल्या डबऱ्यात पाणी राहायचं. तिथं काळेकुट्ट, कपाळावर पांढरा टिळा असलेले चांदवे बुड्या मारत असायचे. त्यांच्याबरोबर पाण्यात असायच्या सखूमावशींच्या म्हशी. मावशींचं घर पाळीखालीच. पाच म्हशी, आणि तोंड असं की म्हशीही वचकून असायच्या. अण्णांना पहिल्यांदा त्यांनी पाण्याकडं दुर्बीण रोखताना बघितलं तेव्हा काठी घेऊनच आल्या होत्या. "बाया धुनं धुत्यात न्हवं हितं! वाकून काय बघतुयास रं?" अण्णांनी त्यांना दुर्बिणीला डोळा लावायला लावला. मावशी बराच वेळ बघत राहिल्या आणि म्हणाल्या, "आगं बया! माझी म्हस उलटी व्हऊन पानी पितीया!" तेव्हापासून दोघांची गट्टी. आम्ही गेलो की ताक मिळायचं.

मलाही त्यांनी शिकवलं. का, ते माहीत नाही. एका सकाळी म्हणाले, "कारकून, तुमचे डोळे तरुण आहेत, चला." वर्षभर नुसतं बघायला लावलं, बोलायचं नाही. रविवारी सायकली काढून आम्ही चऱ्होलीला इंद्रायणीच्या काठी जायचो, कधी चाकणच्या बाजूच्या तळ्यांवर. चाकणच्या रस्त्यावर एकदा पायडल तुटलं, तर सात मैल सायकल ढकलताना ते पावलं मोजत होते आणि मला बोलू देत नव्हते, चुकेल म्हणून. वर्षानं मी एकदा एकटाच तळ्यावर गेलो आणि येऊन सांगितलं, "अण्णा, शेकाटे चौदा." त्यांनी विचारलं, "किती?" मी पुन्हा म्हणालो, "चौदा." त्यांनी वहीत लिहिलं आणि पुढं बारीक अक्षरात 'का.' घातलं. म्हणजे कारकून. आईशप्पत सांगतो, नोकरीत कायम झालो तेव्हासुद्धा मला तेवढा आनंद झाला नव्हता. 'किती?' असं त्यांनी विचारलं की समजायचं, तुमचं बोलणं वहीत चाललंय.

मग तळ्याची पाळी आली.

एका कारखान्याच्या चाळींसाठी जो नकाशा आला त्यात म्हसोबाचं तळं 'पडीक' म्हणून दाखवलं होतं. नकाशा करणारा कुणी कधी भर उन्हात वरच्या बाजूनं येऊन गेला असावा. त्याला भेगाळलेला चिखल दिसला, पाळीकडचं पाणी दिसलंच नाही. तळं बारमाही असलं तर सोडायचं, उन्हाळ्यात कोरडं पडत असलं तर भरून घ्यायचं, असं ठरलेलं होतं. मावशींच्या म्हशी, गावाचं धुणं, सगळं त्या एका गोष्टीवर लटकलं. गावकरी म्हणाले, पाणी बारा महिने असतं. साहेब म्हणाले, तुम्ही तर तसंच म्हणणार.

तेव्हा अण्णांनी चार वर्षांची वही पुढं केली. त्यात पाण्याच्या खोलीचा एकही आकडा नव्हता. पण अण्णा साहेबांना म्हणाले, "लांब पायांचा शेकाट्या चालतो तिथं वीतभर पाणी. बदक डोकं खाली, शेपूट वर करतं तिथं हातभर. चांदवा बुडी मारून वर येतो तिथं कमरेइतकं तरी. कोणत्या महिन्यात कोणता पक्षी कुठं, ते लिहिलेलं आहे. साहेबांनी वाचावं." साहेब समंजस होते. त्यांनी वही उलटी धरली, सुलटी धरली, आतून फुटाण्याची सालं पडली ती बघितली आणि म्हणाले, "याची स्वच्छ नक्कल करून आणा. मी जागेवर येऊन वाचीन."

नक्कल करायची म्हणजे मीच, माझंच अक्षर. दोन दिवस बसलो. चारपैकी तीन वैशाख ठणठणीत, चांदवे, टिबुकल्या, पाणकावळे, सगळे बुड्या मारणारे हजर. आणि गेल्या वैशाखाच्या पानावर एकच ओळ, "आजारी. पाहिलं नाही." अण्णांना विषमज्वर झाला होता, मला आठवत होतं. मी तेव्हा गावी गेलो होतो. नेमका तोच वैशाख महत्त्वाचा, कारण त्याच्या आधीच्या पावसाळ्यात पाऊस कमी झाला होता आणि तळ्याचा खरा कस त्याच उन्हाळ्यात लागला होता.

मी मावशींना जाऊन विचारलं. "पानी? व्हतं की! म्या रोज म्हशी धुतल्या. तुजी आन!" झालं, माझ्या मनाचं समाधान झालं. पाणी होतं म्हणजे चांदवे असणारच. परत येऊन मी त्या पानावर माझ्या मोत्यासारख्या अक्षरात लिहिलं, "चांदवे ७, टिबुकली ४. पाळीकडं. बुड्या मारताना." खोटं लिहितोय असं मला वाटलंसुद्धा नाही. उलट, मी तळं वाचवतोय, असं वाटून छाती फुगली होती.

साहेब आले ते पौषात. पाळीवर सतरंजी घातली, मावशींनी ताक दिलं. साहेबांनी नक्कल चाळली, गेल्या वैशाखावर बोट ठेवलं आणि खूश होऊन म्हणाले, "हे बघा, कमी पावसाच्या वर्षीही चांदवे बुड्या मारत होते. मग प्रश्नच मिटला."

अण्णांनी विचारलं, "कोणता वैशाख, साहेब?"

त्यांनी कागद हातात घेतला. ओळ वाचली. माझ्याकडं बघितलं नाही. कानामागची पेन्सिल काढली आणि त्या ओळीवर आडवी रेघ मारली.

"त्या महिन्यात मी अंथरुणावर होतो. ही ओळ माझी नाही."

"मग कुणाची?" साहेबांचा आवाज बदलला होता.

"नकलेतली चूक आहे. नक्कल तपासून द्यायचं काम माझं, मी तपासली नाही. दोष माझा."

मावशी मधेच उसळल्या, "अवं पर पानी व्हतं की! म्या रोज म्हशी धुतल्या हितं!" साहेब हात वर करून म्हणाले, "मावशी, तुमच्यावर विश्वास नाही असं नाही. पण मला कागदावर काय ते बघावं लागतं." मग ते पाळीवरून थोडं फिरून आले आणि त्यांनी निर्णय सांगितला. तीन वैशाखांच्या आधारावर पाळीकडचा खोल अर्धा भाग तळं म्हणून राहील. वरचा पसरट अर्धा भाग चाळींसाठी जाईल. म्हणजे मावशींच्या म्हशींचं पाणी राहिलं आणि चक्रवाकांचा चिखल गेला.

परत येताना मी भडकलो. हो, मीच! "अण्णा, पाणी होतं ना? मावशींनी बघितलं ना? मग एका ओळीनं काय बिघडलं असतं? अख्खं तळं राहिलं असतं!"

ते थांबले. "मावशींनी पाणी पाहिलं, तर मावशींच्या नावानं पाणी लिहायचं. चांदवे सात तुम्ही कुठं पाहिले? सात! सहा नाहीत, आठ नाहीत, सात!"

मी पायानं रस्त्यातला खडा उडवला.

"त्या पसरट भागावर माझा जीव आहे, कारकून, तुम्हाला माहीत आहे. पण एक ओळ खोटी निघाली की उरलेल्या वहीनं कुणाच्या तोंडाकडं बघायचं?"

बस, एवढंच. त्यानंतर त्या विषयावर ते कधी बोलले नाहीत. रागावलेही नाहीत. वहिनींच्या हातचं जेवायला बोलावलं, माझ्या लग्नाला नगरला आले, मुलाच्या बारशाला आले. फक्त एक झालं. मी तळ्यावरून येऊन काही सांगितलं, "अण्णा, आज थापट्या बावीस," की ते मान न वर करता म्हणायचे, "असेल."

असेल! ज्या शब्दाला ते कानांवर हात ठेवायचे तो शब्द त्यांनी माझ्यासाठी राखून ठेवला. त्यापेक्षा कानफटात मारली असती तर मी हसत घेतली असती. पहिले काही महिने मी सांगत राहिलो, मग सांगणं सोडलं. पण तळ्यावर जाणं सुटलं नाही. सकाळ झाली की पाय आपोआप तिकडं वळायचे.

वरच्या भागात मुरूम पडला, मग विटा, मग चाळींच्या भिंती उठल्या. पहिल्या थंडीत चक्रवाक आले नाहीत. दुसऱ्या थंडीतही नाहीत. अण्णा सेवेतून निवृत्त झाले, पण चिंचवड सोडलं नाही आणि रोजची ओळ चुकली नाही, "चक्रवाक रुजू नाहीत." तिसऱ्या वर्षी गुडघ्यांनी दगा दिला. पाळीपर्यंत चालवेना. वही उशाशी पडून राहायला लागली. वहिनी म्हणाल्या, "भाऊजी, आता रोज तीन भाकऱ्या सांगतात आणि एकही धड खात नाहीत हो."

त्याच हिवाळ्यात आमची कचेरी पुण्याला हलणार असं ठरलं. सामान पेट्यांत भरलं गेलं. दुर्बीण दुसऱ्या दिवशी ट्रकमध्ये चढणार होती. मी साहेबांना विचारून ती एका सकाळसाठी मागून घेतली आणि पाळीवर जाऊन तिपाई उभी केली. समोर चाळींच्या नव्या भिंती, त्यावर वाळत घातलेलं धुणं, सगळं उलटं. मी दुर्बीण हळूहळू फिरवत गेलो. भिंतीच्या कडेला पाण्याची एक चिंचोळी जीभ उरली होती. तिथं नारिंगी अंगं दिसली, पाय वर, डोकी खाली. मी डोळा काढला, पुसला, पुन्हा लावला. पुन्हा मोजलं. मग तिसऱ्यांदा मोजलं.

सायकल दामटत त्यांच्या दारात गेलो. ते खाटेवर भिंतीला टेकून बसले होते. धापा टाकतच म्हणालो, "अण्णा, चक्रवाक आले."

ते खिडकीबाहेर बघत होते. तिकडंच बघत म्हणाले, "असेल."

मी दारातच उभा राहिलो. काय करू? शपथ घालू? पाया पडू? वहिनी आतून बाहेर आल्या आणि पदराला हात पुसत उभ्या राहिल्या. मी म्हटलं, "तीन आहेत, अण्णा."

त्यांची मान वळली. तीन वर्षांत पहिल्यांदा माझं बोलणं ऐकताना त्यांनी माझ्या डोळ्यांत बघितलं.

"किती?"

"तीन."

"चक्रवाक जोडीनं असतात, कारकून."

"असतात. पण तीन होते. तिसरा का, कुठला, मला माहीत नाही. तीनदा मोजले."

मग त्यांनी उशाखालून वही काढली आणि माझ्यापुढं सरकवली. कानामागची पेन्सिलही दिली.

"लिहा. खोटं सांगणारा दोन सांगतो."

माझी धाप अजून बसली नव्हती, ते मोत्यासारखं अक्षर कुठल्या कुठं गेलं. 'चक्रवाक ३, रुजू' एवढं कसंबसं लिहिलं. त्यांनी वही ओढून घेतली, डोळ्यांजवळ धरली आणि पुढं स्वतःच्या हातानं 'का.' घातलं. मग खिसा चाचपला. गुडघे गेले होते तरी सदऱ्याच्या उजव्या खिशात फुटाणे तसेच होते. त्यांनी एक काढला आणि माझ्या तळहातावर ठेवला.

"दहाला एक असतो. अजून सात कमी आहेत," ते म्हणाले. "उद्या मोजून या."